हात साहेबाचा नव्हता

वामनकाका,

तुमचा दहावा अजून व्हायचा आहे आणि मी तुमच्याशी भांडायला बसलोय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "या पत्रक, आज कुणाचा निषेध?" माझं नाव तुम्ही कधी घेतलंच नाहीत. युनियनची पत्रकं मी लिहितो म्हणून मी पत्रक. सगळ्या कारखान्यासमोर हाक मारायचात आणि मी चिडलो की स्टोअरच्या खिडकीआड तोंड लपवून हसायचात.

जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण, हे मी लिहिणार नाही. ते शोकसभेत वाचून झालं. त्यात तुमच्या आयुष्यातली बारा वर्षं "उत्तरेकडे सरकारी सेवेत" एवढ्या तीन शब्दांत उरकली. उत्तरेकडे म्हणजे काय, चिंचवडपासून तळेगाव? तुम्ही तिबेटात होतात. ग्यान्त्सेला, ब्रिटिश व्यापार एजंटाच्या कचेरीत, हेडक्लार्क. आणि आमच्या ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बनवणाऱ्या कारखान्यात कुणाला हे माहीत होतं? थंडीत तुम्ही शाईची दौत टेबलावर न ठेवता कोटाच्या आत, छातीशी ठेवायचात, त्यावर सगळे हसायचे. मीही हसलो होतो. एकदा कानस घ्यायला खिडकीशी आलो आणि विचारलं, "काका, दौतीला सर्दी होते का?" तुम्ही म्हणालात, "तिकडे गोठायची रे. सवय जात नाही." "तिकडे म्हणजे कुठे?" असं मी विचारलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

मी खरं सांगतो, काका, मला तुमच्यात रस नव्हता. मला साहेबात रस होता. इंग्रज गेला, पण त्याचं भूत प्रत्येक मॅनेजरच्या अंगात आहे, असं माझं मत होतं आणि आहे. म्हटलं, हा माणूस बारा वर्षं साहेबाच्या शेजारच्या खोलीत बसलाय. ह्याच्याकडून साहेबाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस काढून घ्यायचा आणि छापायचा. लोकांना कळू दे राज्य कसं चालायचं ते. म्हणून रोज डबा घेऊन मी तुमच्याकडे यायला लागलो आणि जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर उतरवून घ्यायला लागलो.

तुम्ही सांगायचात, ते मात्र मला हवं तसं नसायचं.

साहेब सहाला उठायचे. ("उठायचा," मी. "उठायचे," तुम्ही. ह्या एका 'चे'वर आपण किती डबे गार केले!) चहा घेऊन आधी बाहेर भिंतीवरच्या थर्मामीटरपाशी जायचे आणि आकडा वहीत लिहायचे. तो आकडा कुणी मागितलेला नव्हता, कुणी वाचतही नव्हतं. मग मठातला एक म्हातारा लामा शिकवायला यायचा. तिबेटी भाषेत म्हणे दुसऱ्याच्या हातापायाला, डोक्याला वेगळे मानाचे शब्द असतात आणि स्वतःच्याला साधे. साहेब नेमके उलट बोलायचे. एकदा भर दरबारात, तिथल्या किल्लेदारापुढे, ते म्हणाले, "आज आमचं श्रीमस्तक दुखतंय आणि तुमचं टाळकं कसं आहे?" हे सांगताना तुम्हाला इतकं हसू आलं की पोळीचा घास घशात अडकला आणि मी तुमच्या पाठीवर थापट्या मारल्या. मीही हसत होतो. ते हसू मी छापलं नाही.

दहाला डाक. मग येणारे जाणारे: लोकरीचे व्यापारी, खेचरवाले, जमिनीचं भांडण घेऊन आलेले भाऊ. प्रत्येक जण पांढरा रेशमी पट्टा घेऊन यायचा, आणि तो कुणी कुणाच्या हातात द्यायचा, कुणी गळ्यात घालायचा, कुणी नुसता टेबलावर ठेवायचा, ह्याचे कायदे तुम्ही तोंडपाठ केले होते. साहेबाच्या मागे उभं राहून तुम्ही हळूच सांगायचात, "हातात, साहेब" किंवा "गळ्यात, साहेब". दुपारी साहेब कोबीच्या वाफ्यात. तेरा हजार फुटांवर फुलकोबी उगवायचा हट्ट. संध्याकाळी काळा कोट, कडक कॉलर, आणि एवढ्या मोठ्या टेबलावर एकटा माणूस डब्यातले मासे खातोय. तुम्ही शेजारच्या खोलीत स्टोव्हवर आईनं पाठवलेले पोहे परतताय. मध्ये एक भिंत.

"कधी बोलावलं नाही जेवायला?" मी विचारलं.

"नाही."

"आणि तुम्ही म्हणता भला माणूस!"

"भला होता. माझी आई गेल्याची तार आली तेव्हा तीन दिवस माझं काम त्यांनी स्वतः केलं. जेवायला मात्र नाही बोलावलं. दोन्ही खरं आहे. लिही."

मी पहिलं लिहिलं नाही. दुसरं मोठ्या टायपात छापलं.

मग एक दिवस दौऱ्याची गोष्ट निघाली. साहेब दौऱ्यावर निघाला की पुढच्या गावच्या मुखियाला तुमच्या हातची चिठ्ठी जायची: इतकी खेचरं, इतके घोडे, इतकी माणसं, अमुक दिवशी, हजर. तुम्ही म्हणालात, "आधी कळवून घोड्यांची सोय करायचो."

मी पेन्सिल ठेवली. म्हटलं, "काका, गावाला नाही म्हणता यायचं का?"

"नाही."

"मग सोय कसली? ही वेठ. माझ्या आज्यानं मावळात साहेबांच्या पेट्या डोक्यावर वाहिल्यात. त्याला कुणी सोय म्हटलं असतं तर त्यानं पेटी टाकली असती अंगावर."

तुम्ही डबा बाजूला सारलात. मग म्हणालात, "बारा वर्षं मी त्याला सोयच लिहिलं." आणि मग, मी न विचारता, त्या बाईचं सांगितलंत.

तुमचा पहिलाच दौरा. जवाची कापणी चालू होती आणि साहेबाला तळ्यावर बदकं मारायला जायचं होतं. चिठ्ठी गेली. सकाळी डाकबंगल्यासमोर गाव आपापली जनावरं घेऊन उभं. त्यात एक बाई, दोन खेचरं घेऊन, कापणी सोडून आलेली. तुम्ही यादी तपासत तिच्यापुढे गेलात आणि तिनं तुमच्या तोंडासमोर जीभ बाहेर काढली. चांगली लांब. आता आपल्याकडे बाईमाणसानं पुरुषाच्या तोंडावर जीभ काढून वेडावलं तर काय होईल? तुम्ही कोकणातून नुकते आलेले, बावीस वर्षांचे, सरकारी कोट घातलेला. तुम्ही तिच्या थोबाडीत मारलीत. तर तिनं जीभ आणखी बाहेर काढली. तुम्ही पुन्हा हात उचलला आणि साहेब घोड्यावरून उतरून धावत आला. म्हणाला, "वामन, ती तुला नमस्कार करते आहे."

तिकडे मोठ्यांना तसाच मान देतात. पहिला नमस्कार कमी पडला म्हणून तुम्ही मारलंत असं तिला वाटलं, म्हणून तिनं दुसरा जास्त केला.

"साहेबांनी तिची माफी मागितली," तुम्ही सांगत होतात. "मोडक्या तिबेटीत. त्यातही स्वतःलाच मान दिला, तर गाव हसलं, तीही हसली, गालावर माझी बोटं घेऊन. आणि मग साहेब म्हणाले, सामान चढवा. आणि ती निघाली. कापणी तशीच. माफी मनापासून होती, पत्रक. आणि सामान चढवा हेही मनापासून. बसेल का हे तुझ्या पत्रकात?"

"नाही बसणार, काका."

"मग पत्रक मोठं कर."

मी मोठं केलं नाही. मी आठ पानांचं पत्रक काढलं, "साहेबाचा एक दिवस". त्यात पाचव्या पानावर छापलं: "साहेबाने त्या अबलेवर चाबूक उगारला व तिला रक्तबंबाळ केले, असे खुद्द त्यांचे हेडक्लार्क वामनराव सांगतात." चाबूक मी आणला. रक्त मी आणलं. तुमचं नाव मात्र खरं घातलं.

तुम्ही ते पत्रक घेऊन माझ्या जागेवर आलात. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तुम्ही स्टोअर सोडून आत आला होतात. माझ्या शेगड्यात, म्हणजे आमच्या त्या लोखंडी पकडीत, अर्धवट कापलेला पाटा होता, त्यावर तुम्ही पान उघडून ठेवलंत.

"हे वाक्य कुणाचं?"

"काका, सार तेच आहे."

"सार! गाव तेच, बाई तीच, फक्त हात बदललास?"

"लोकांना कळायला नको जुलूम कुणाचा होता ते?"

"माझा होता म्हणून सांगतोय ना, गाढवा! दुष्ट साहेब दाखवणं सोपं आहे रे. तो मेला की संपलं. साहेब चांगला होता आणि तरी ती बाई कापणी सोडून आली, आणि मारलं मी, हे लिही. त्याला हिंमत लागते."

सगळे बघत होते. मी पुढारी. मला माघार घेता येईना. मी म्हणालो, "बारा वर्षं मीठ खाल्लंत ना त्याचं, बोलणारच तुम्ही."

तुम्ही पान मिटलंत, चार घड्या घातल्यात आणि गेलात. नंतर खिडकीवर कानस मिळायची, सही मिळायची, पण पत्रक ही हाक पुन्हा आली नाही. तुम्ही मला "फिटर" म्हणायला लागलात. त्यानं मला किती लागलं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग म्हणा.

मग श्रमदानाची नोटीस लागली. कारखान्यापासून हमरस्त्यापर्यंतचा रस्ता कामगार बंधूंनी रविवारी स्वेच्छेने, देशकार्य समजून करावा. अक्षर तुमचं (कचेरीच्या नोटिसा तुमच्याकडूनच लिहून घ्यायचे), मजकूर मॅनेजरसाहेबांचा. मॅनेजरसाहेब खादीवाले, पहिलं घमेलं स्वतः उचलणारे, कुणाची बायको अडली तर स्वतःची गाडी देणारे. ते ढोंगी आहेत असं मी चार पत्रकांत लिहिलं. ते ढोंगी नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं.

चार रविवार लोक गेले. पाचव्या रविवारी तिघं गेले नाहीत. त्यातला एक पुनावळ्याचा म्हादू. त्याचं म्हणणं साधं होतं: "भावाच्या घराचं आढं चढवायचं व्हतं. समदी भावकी जमलेली. आढं काय पुढल्या ऐतवारपत्तुर हवेत धरू व्हय?" सोमवारी तिघं शिस्तभंगाखाली निलंबित. श्रमदानाचा संबंध नाही, कंपनी म्हणाली. ते तर ऐच्छिक होतं. खरी गोष्ट अशी की न येणाऱ्यांची यादी करायला मॅनेजरसाहेबांनी सांगितलं होतं, तोंडी. ऐकणारा माणूस एकच. यादी करणाराही तोच. तुम्ही.

म्हादू तुमच्याकडे साक्ष मागायला आला, मी नाही. माझी छाती झाली नाही. तुम्हाला निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. म्हादू परत आला आणि म्हणाला, "येत्यात म्हणाले काका. च्या पाजला काकूंनी."

त्या बुधवारची चौकशी मी विसरणार नाही. तुम्ही धुतलेला कोट घालून आलात. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं आणि तुम्ही उभे राहून म्हणालात, "मॅनेजरसाहेब भले गृहस्थ आहेत. यादी मात्र त्यांनी मागितली आणि मी केली. तिघांची नावं माझ्या हातची आहेत. मी तरुणपणी बारा वर्षं अशाच चिठ्ठ्या लिहिल्या, तेव्हा त्यांना सोय म्हणायचे. आता श्रमदान म्हणतात. ज्याला नाही म्हणता येत नाही ते दान नव्हे. ही वेठ आहे."

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात कंपनीच्या वकिलानं पिशवीतून माझं पत्रक काढलं.

पाचवं पान. त्यानं ते वाक्य सावकाश वाचलं. "हे आपणच सांगितलंत ना, वामनराव?"

खोटं बोलून सुटता आलं असतं. 'हो' एवढंच. तुम्ही म्हणालात, "बाईची हकिकत माझी आहे. चाबूक खोटा आहे, रक्त खोटं आहे. साहेबांनी नाही मारलं. मी मारलं. हातानं." आणि हात पुढे केलात. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

वकील म्हणाला, "म्हणजे आपली युनियन आपल्या नावावर खोटं छापते. मग आत्ता जे बोललात, तेही कुणी लिहून दिलंय?"

तुम्ही मागे वळलात, काका. सगळ्या बाकांवरून नजर फिरवत माझ्यापर्यंत आलात आणि थांबलात. मी उठायला हवं होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. मी माझ्या वहाणांचे अंगठे बघत बसलो. वकील हसतोय, पंखा फिरतोय, तुम्ही वळून उभे, आणि मी वहाणा बघतोय. मग अधिकारी म्हणाले, उरलेली साक्ष पुढच्या गुरुवारी, सही तेव्हाच.

रविवारी सकाळी दापोडीच्या खोलीत पेपर वाचता वाचता तुम्ही गेलात.

घाटावरून परत आल्यावर काकूंपाशी बसलो. म्हटलं, काका माझ्यावर रागावले होते का? मला वाटलं, त्या म्हणतील, नाही रे, तुझ्यावर जीव होता. बायका म्हणतात तसं. काकू म्हणाल्या, "रागावले होते. शनिवारीही बोलले. म्हणाले, पोरगा भित्रा निघाला." मग उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी ताट वाढून आणलं. त्या ताटावर बसणं म्हणजे काय होतं ते मी इथे लिहीत नाही. पण त्यांनी खोटं सांगितलं नाही त्याबद्दल मी त्यांच्या पाया पडलो. तुमच्या घरातलं वळणच ते.

चार दिवस युनियनच्या सेक्रेटरींनी मला बजावलं, "गप्प बैस. मेलेल्या माणसाची बिनसहीची साक्ष तशीच अर्धी. त्यात तू खोटं छापलंस म्हणून उठलास तर युनियनचं तोंड काळं आणि तिघं गेले घरी." मी म्हादूला विचारलं. त्याचीच नोकरी, त्याला विचारायला नको? तो म्हणाला, "काकांनी चार लोकांम्होरं सोताचं सांगितलं. आन् तुजं त्वांड शिवलंय व्हय रं, भावा?"

आज गुरुवार. आज मी उठलो.

वकील म्हणाला, हे साक्षीदार नाहीत. अधिकारी म्हणाले, बोलू द्या. मी म्हणालो, "पाचव्या पानावरचं वाक्य मी रचलं. वामनरावांनी मला खरं सांगितलं होतं, छापल्यावर माझ्याशी भांडलेही होते. कारखान्यानं ऐकलंय. आता मला एवढंच विचारायचंय: जो माणूस ह्या खोलीत, लोक हसत असताना, स्वतःचा अपराध स्वतःच्या तोंडानं सांगतो, तो रविवारच्या यादीबद्दल खोटं कशाला बोलेल? खोटारडा हवा असेल तर मी आहे. ते नव्हते." माझा आवाज फाटला. भाषणं करणाऱ्या माणसाचा आवाज फाटणं ही काही शोभेची गोष्ट नाही, पण फाटला.

अधिकाऱ्यांनी ते पत्रक माझ्यापुढे सरकवलं. त्या वाक्याशेजारी मला लिहायला लावलं, "हे मी रचले", आणि खाली सही. मग कारकुनाला म्हणाले, वामनरावांची साक्ष कागदात राहू द्या. वजन किती द्यायचं ते निकालात ठरेल. तुम्ही वापरलेला शब्द त्यानं 'सक्तीचे काम' असा लिहिला होता. मी म्हटलं, ते वेठ म्हणाले होते. अधिकाऱ्यांनी मान हलवली. त्यानं खोडून वेठ लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात मॅनेजरसाहेब उभे होते. डोळे लाल. म्हणाले, "वामनरावांच्या घरी काही लागलं तर मला सांग, संकोच करू नकोस." त्यांनी ते मनापासून म्हटलं, काका. पूर्वी मला ते ऐकू आलं नसतं. आज आलं, आणि त्यानं राग कमी झाला नाही, उलट नीट जागेवर बसला. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही चांगले आहात. पण पुढच्या रविवारी जे येणार नाहीत त्यांची यादी करू नका." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि आत गेले.

सेक्रेटरींनी माझ्याकडून पत्रकांचं काम काढून घेतलंय. हा मजकूर कोण छापेल माहीत नाही. निकाल यायचा आहे. फाटकाबाहेर, आत यायची बंदी असलेले म्हादू आणि ते दोघे निलंबित उभे आहेत, आत काय झालं ते ऐकायला. मी आता त्यांच्याकडे निघालोय. आशा दाखवावी असं वाटतंय, आणि दाखवण्यासारखं हातात फारसं काही नाही. पण जे सांगेन, काका, ते घडलेलं असेल.